विश्लेषण : शाळा संपली, पुढे काय? ऑटिझम असलेल्या तरुणांना स्वतंत्र जगणे कसे शिकवतात?

मूल लहान असते तोवर पुण्यातल्या पालकांना ठोठावायला दारे तरी असतात. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शाळा, समुपदेशक असे बरेच काही शहरात आहे. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, की चित्र पालटते. शाळेची बस यायची थांबते, ठरलेले वेळापत्रक मोडते आणि सगळा दिवस घरात, मोबाइलसमोर जाऊ लागतो. आईवडील तोवर पन्नाशीला टेकलेले असतात. ‘आमच्यानंतर याचे कसे?’ हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही. नेमक्या याच टप्प्यासाठी दैनंदिन कौशल्ये आणि लोकांत मिसळणे शिकवणारे कार्यक्रम असतात.

अठराव्या वर्षीच का अडते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यंत्रणाही त्याच वयाभोवती उभी राहिली. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा काही वाढदिवस पाहून जाणारा आजार नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतला हा फरक आयुष्यभर सोबत राहतो. त्यात २०११ च्या जनगणनेत ऑटिझमला वेगळा रकानाच नव्हता. १९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्याच्या यादीतही तो नव्हता; २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले, तेव्हा तो आला. जे मोजलेच नाही, त्याचे नियोजन अंदाजाने चालते.

या कार्यक्रमांत काय शिकवतात?

साधा चहा घ्या. पाणी मोजणे, गॅस पेटवणे, साखर, पावडर, दूध, उकळी, गाळणे, गॅस बंद करणे, अशा बारीक पायऱ्या पाडून प्रत्येकीचे चित्र ओट्यासमोर लावतात. पुष्कळदा शिकवणे शेवटच्या पायरीपासून सुरू होते. बाकी सगळे प्रशिक्षक करतो, मुलगा फक्त चहा कपात गाळतो. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकेक पायरी मागे जायचे आणि मदत हळूहळू काढून घ्यायची. अवघड भाग हाच. मदत सुरू ठेवणे सोपे असते, काढून घ्यायला धीर लागतो आणि पालकांचा हात चटकन पुढे येतो.

दुसरी अडचण अशी, की घरच्या शेगडीवर जमलेले दुसऱ्या शेगडीवर जमेलच असे नाही. म्हणून चांगले प्रशिक्षण वर्गात थांबत नाही. ते मंडईत भाजी घेताना, बँकेत, बसथांब्यावर चालते. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली पुणे मेट्रो या कामी उपयोगाची ठरू शकते. मार्ग ठरलेला, पुढच्या स्थानकाची घोषणा होणारी, दार ठरलेल्या जागी उघडणारे. पीएमपीच्या बसचे तसे नाही. गर्दी, हॉर्न, थांबा सोडून पुढे उभी राहणारी बस, या सगळ्याची तयारी करावी लागते. रस्ता ओलांडण्याचे तर विचारूच नका. ‘हिरवा माणूस दिसला की निघायचे’ हा नियम पाठ केलेला तरुण पुण्याच्या चौकात उभा राहतो, सिग्नल हिरवा होतो आणि दुचाकी तरीही येतच राहतात. मग त्याला नियम शिकवावा लागतो आणि नियम न पाळणारे लोकही.

यूपीआयचा पिन कुणाला न सांगणे, अंगाला कोण हात लावू शकतो आणि कोण नाही, ‘नाही’ कसे म्हणायचे, हेही याच अभ्यासक्रमात येते. घरी या विषयांवर बोलणे टाळले जाते, पण फसवणूक आणि अत्याचाराचा धोका पाहता स्वयंपाकाइतकेच ते आवश्यक आहे.

मैत्री शिकवता येते का?

काही प्रमाणात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात तयार झालेला ‘पीअर्स’ हा तरुणांसाठीचा १६ आठवड्यांचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. गप्पांत सामील कसे व्हावे, थट्टा झाली तर काय करावे, हे त्यात सरावाने शिकवतात आणि घरचे किंवा जवळचे माणूस ‘कोच’ असते. मात्र ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये वेगळा मुद्दा मांडला : गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. इतरांनाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही. मग डोळ्याला डोळा भिडवण्याचा सराव एकट्याकडूनच का करून घ्यायचा? रेल्वेचे वेळापत्रक, चित्रकला, संगणक अशा समान आवडीभोवती जमणारा छोटा गट यापेक्षा अधिक टिकाऊ वाटतो.

नोकरी आणि राहण्याचे काय?

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे. खासगीत ‘एसएपी’ने २०१३ पासून ऑटिस्टिक कर्मचाऱ्यांची भरती मुद्दाम सुरू केली, त्यात बेंगळूरुचे केंद्र पहिल्यांपैकी होते. आयटीचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात असे दाखले बोटांवर मोजावेत असेच. मुंबईत जुहूला २०१८ मध्ये सुरू झालेले ‘कॅफे अर्पण’ विकासात्मक दिव्यांगत्व असलेले प्रौढ चालवतात.

कायद्याच्या कलम ५ नुसार कुठे आणि कसे राहायचे, याची सक्ती दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. प्रत्यक्षात पर्याय दोनच : घर किंवा संस्था. पुण्यात ऑटिझमवर काम करणारे ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ आहे, हिंजवडीजवळ मारुंजीला बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी ‘नवक्षितिज’ आहे. डोंबिवलीजवळ खोणीत पालकांच्या संघटनेने उभे केलेले ‘घरकुल’ आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही योजनाही प्रौढांच्या आजीवन निवासासाठीच आखली गेली. तीन-चार तरुणांनी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि मदतनीस दिवसातून काही तास येणार, ही मधली वाट मात्र जवळपास रिकामी आहे. अनेकांना संस्थेची नव्हे, एवढ्याच आधाराची गरज असते.

पालकांनी आता काय करावे?

यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत बँकेच्या काउंटरवर कळते. पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तो करू शकते. मात्र अर्जाआधी एक गोष्ट पाहावी. २०१६ च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ही आहे : ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. जो तरुण स्वतःचे पैसे मोजून भाजी आणतो, त्याच्या वतीने सगळ्याच सह्या दुसऱ्याने करायच्या का, हे त्याला समोर बसवून विचारता येते.