परवलीचे शब्द आणि ठेवीदारांचा पैसा

भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. सहा महिन्यांत एका खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येतील, असा हुकूम सुटला. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, परंतु त्या दिवशी उपनगरांतील शाखांपुढे जमलेल्या ठेवीदारांना पैशाखेरीज दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. त्या गदारोळात एक प्रश्न मात्र मागे पडला. इतके मोठे प्रकरण बँकेतल्याच बहुसंख्य माणसांना इतकी वर्षे दिसले कसे नाही?

बँकेने दिलेल्या सुमारे ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी सुमारे ६,५०० कोटी एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे, एचडीआयएलकडे, गुंतलेले होते. तपासातील माहितीनुसार या समूहाशी निगडित ४४ कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली, आणि मूळ खाती संगणकावर उघडून पाहण्याचा अधिकार मोजक्याच कर्मचाऱ्यांपुरता ठेवण्यात आला. म्हणजे ज्या युक्तीने बँकेची माहिती चोरापासून राखावयाची, तीच युक्ती येथे माहिती तपासनिसापासून राखण्यासाठी वापरली गेली, असा हा आरोप आहे.

हा प्रवेशाधिकाराचा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. जाडजूड लेजरांच्या काळातही नोंद कारकुनाने करावी व तिच्यावर सही अधिकाऱ्याने करावी, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असाव्यात, हा दंडक होता. माणसांवर अविश्वास म्हणून नव्हे. एकट्या माणसावर मोहाचे आणि संशयाचे ओझे पडू नये म्हणून. संगणकाने लेजराची जागा घेतली व किल्लीची जागा परवलीच्या शब्दाने घेतली. फरक एवढाच की, किल्ली एका वेळी एकाच खिशात असते, आणि हरवली तर ती हरवल्याचे कळते. परवलीचा शब्द दहा जणांच्या तोंडी असला तरी मूळ धन्याला त्याचा पत्ता नसतो.

फोर्टमधील ब्रॅडी हाऊस शाखेत जे घडले ते याच्या अगदी उलट टोकाचे. २०१८ साली उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या त्या प्रकरणात परदेशी बँकांना हमीचे संदेश 'स्विफ्ट' यंत्रणेतून जात राहिले आणि बँकेच्या स्वतःच्या हिशेबात त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा परस्परांशी जोडलेल्या नव्हत्या. एक अधिकारी २०१० पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे सुमारे सात वर्षे, त्याच शाखेत होता. बुडीत रकमेचा आकडा तेरा हजार कोटींच्या पुढे गेला. तेव्हा अधिकार थोड्यांना दिले की माहिती सुरक्षित झाली, ही समजूत अर्धवट आहे. भांडुपला तर ते थोड्यांनाच दिलेले होते. अधिकार कोणाला, कशासाठी आणि किती काळ दिला, हे त्या अधिकाऱ्याहून वेगळ्या कोणाला तरी ठाऊक असणे, ही खरी कसोटी.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर देखरेखीचा खर्च व्यवस्थापनाच्या माथी पडतो आणि तिचा लाभ ठेवीदाराला होतो. ठेवीदार काउंटरच्या अलीकडे उभा असतो. पलीकडचे त्याला दिसत नाही. म्हणून या खर्चात काटकसर करणे सोपे जाते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. प्रवेश गरजेपुरता व गरजेच्या काळापुरताच असावा, हे तत्त्व तीत आहेच. पण परिपत्रक फायलीत लागते आणि शाखेतले काम जसे चालले होते तसे चालते.

ते तसे का चालते, याचे उत्तर बदलापुरात नाही, बोरिवलीतही नाही. ते कोणत्याही शाखेत महिन्याच्या पहिल्या तारखेला मिळेल. चौघांचे काम दोघे करीत असतात. मंजुरी देणारा अधिकारी रजेवर असतो, रांग दारापर्यंत गेलेली असते, आणि मग तो दूरध्वनीवरून आपला परवलीचा शब्द कारकुनाला सांगतो. पुढे चौकशी निघाली की संगणकाच्या नोंदीत अधिकाऱ्याचे नाव आणि त्या खुर्चीत बसलेला कारकून, असा पेच पडतो. त्यात बहुधा कारकूनच सापडतो. बदलीचा अधिकारी नेमण्याचा खर्च वाचविणारा मात्र कोणत्याच नोंदीत नसतो.

मार्ग अवघड नाही. बदली किंवा निवृत्ती झालेल्याचा अधिकार त्याच सायंकाळी रद्द व्हावा. रजेच्या काळात दुसऱ्याला स्वतःच्या नावाने तात्पुरता अधिकार मिळावा. एखादे खाते बहुतेकांपासून झाकलेले असेल, तर त्याची यादी लेखापरीक्षकापुढे न मागता आली पाहिजे. सहकारी बँकेच्या सभासदाला तर वार्षिक सभेत ही यादी शेवटची कधी तपासली, असे विचारण्याचा हक्कच आहे. सभेत लाभांशाच्या टक्क्यावर तासभर खल होतो. या प्रश्नाला पाच मिनिटे पुरतील.

पंजाब अँड महाराष्ट्र बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते. त्याहून अधिक रक्कम ठेवणाऱ्यांना उरलेल्या पैशासाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून देण्यात आले, आणि त्यांतील कित्येक निवृत्त माणसे होती.