मीपण दुभंगतं, व्यक्तिमत्त्व नाही!

'वाचकाला सोपं जावं' या सबबीखाली भाषांतरात जेवढी नासधूस होते, तेवढी अज्ञानानेही होत नसेल. पोलिश मानसशास्त्र इंग्रजीत नेताना काय होतं ते बघा.

पोलिशमध्ये 'या' म्हणजे 'मी'. त्यापासून बनला 'याझ्न'. आपण 'मी'ला 'पण' जोडून 'मीपण' करतो ना, तसंच. 'ओसोबोवोश्च' म्हणजे व्यक्तिमत्त्व. तीन शब्द, तीन अर्थ. आता 'रोझद्वोयेन्ये याझ्नी' घ्या. शब्दशः मीपण दुभंगणं. त्याचं इंग्रजी काय, तर 'स्प्लिट पर्सनॅलिटी'. झालं काम!

म्हणाल, बिघडलं कुठे? पोलिश मनोविकारतज्ज्ञ काझिमिएश दोंब्रोव्स्की (१९०२-१९८०) वाचताना बिघडतं. त्यांचं 'पॉझिटिव्ह डिसइंटिग्रेशन' १९६४ साली इंग्रजीत आलं. स्वतःबद्दलचं असमाधान, आतली ओढाताण हा दर वेळी आजार नसतो. जुनी घडी मोडल्याशिवाय वरच्या पातळीची बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. आणि व्यक्तिमत्त्व? ते त्यांच्या मते जन्मतः मिळत नाही, या सगळ्या मोडतोडीनंतर कमवावं लागतं. मग जे अजून बांधलंच नाही ते दुभंगणार कसं? वर इंग्रजी वाचकाला त्या शब्दांतून सिनेमातला दोन चेहऱ्यांचा खुनी आठवतो. ज्याला दोंब्रोव्स्की 'तू वाढतो आहेस' म्हणतात, त्याच्या कपाळावर भाषांतरकार रोगाचं लेबल चिकटवतो.

'अहो, संदर्भावरून कळतं' हा नेहमीचा बचाव. नाही कळत. फ्रॉइडचा जर्मन 'इश' म्हणजे साधा घरगुती 'मी'. इंग्रजीत त्याचा लॅटिन 'ईगो' केला. आज आपल्याकडे कुणाचाही 'ईगो दुखावतो', आणि त्यात फ्रॉइडचा 'मी' औषधालाही सापडत नाही. संदर्भ पुस्तकात राहतो, शब्द मात्र गावभर फिरतो.

उपाय अवघड नाही. प्रोग्रॅममध्ये तीन व्हेरिएबल्सना एकच नाव दिलं तर रिव्ह्यूमध्ये कोणीही झापेल. तोच नियम इथे लावा. 'या'ला 'आय', 'याझ्न'ला 'सेल्फ', 'ओसोबोवोश्च'लाच फक्त 'पर्सनॅलिटी', आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच. वाक्य थोडं खडबडीत होईल. होऊ दे की! माणसाला फुकट वेडा ठरवण्यापेक्षा वाचकाला जरा ठेच लागलेली परवडली.