नावातली चूक, नोंदीतली चूक

विजयदुर्ग किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवताना कुणीतरी हमखास सांगतो, "१८६८ साली लॉकियरसाहेबाने इथूनच हेलियम शोधला." ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. माझाही येत असे. पण या मूलद्रव्याच्या नावाची हकीकत वाचली आणि हिशेब जुळेना.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले, हे खरे. ते पाहायला फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला आले होते. लॉकियर मात्र इंग्लंडातच होते. २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्यांनी तिथूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना. पृथ्वीवर ठाऊक नसलेले हे द्रव्य असावे, असा तर्क निघाला. सूर्याच्या 'हेलिऑस' या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले.

यातले 'इयम' हे शेपूट सोडियम, पोटॅशियमसारख्या धातूंचे. १८९५ साली रॅम्झे यांना युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली आणि उलगडा झाला, हा धातू नव्हेच! ऑर्गॉन, निऑन या भावंडांप्रमाणे याचे नाव 'हेलिऑन' शोभले असते. पण रुळलेले नाव कुणी बदलले नाही. चिन्हासाठी बर्झेलियसने घालून दिलेली आद्याक्षरांची पद्धत होतीच. एकटे 'एच' हायड्रोजनकडे गेलेले, म्हणून याच्या वाट्याला 'एचई' आले.

बँकेतल्या नोकरीत आम्हाला एक शिस्त होती. चुकलेली नोंद खरवडून काढायची नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर नोंद लिहायची आणि खाली सही करायची. विज्ञानाने हेलियमचे तेच केले. चुकलेले नाव राहू दिले, पण खरे काय ते शेजारी स्वच्छ लिहून ठेवले.

विजयदुर्गाच्या खात्यावर तेवढी सही राहिली आहे. लॉकियर तिथे आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती. सूर्य पाहण्यासाठी माणूस साता समुद्रांपलीकडून आपल्या किल्ल्यावर येतो, हा मान काय थोडा आहे? मुलांना ओट्यांवर जरूर न्यावे. मात्र खोट्या शिलकेने खाते फुगवू नये. एक दिवस तपासनीस येतोच, आणि बहुधा तो आपलाच नातू असतो.