फितींची भाषा

सैनिकाच्या गणवेशावर डाव्या खिशाच्या वर रंगीत फितींची एक आखूड ओळ असते. समारंभाच्या दिवशी या फितींना पदके लटकतात. एरवी नुसती फीतच पदकाची जागा घेते. पाहणारे बहुधा फिती मोजतात आणि जितक्या अधिक तितका शूर, असा हिशेब करून मोकळे होतात. हा हिशेब फसवा आहे.

काही पदके विशिष्ट पराक्रमाबद्दल मिळतात. त्यांत युद्धातील शौर्यासाठी परमवीरचक्र सर्वश्रेष्ठ. २६ जानेवारी १९५० रोजी ते स्थापन झाले. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. त्या जन्माने युरोपीय. मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या. मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे. धातू मात्र साधे कासे! त्याखालोखालची महावीरचक्र व वीरचक्र ही पदके चांदीची आहेत. सर्वांत मोठा मान चांदीहून हलक्या धातूत घडवणाऱ्यांची दृष्टी खरोखर थोर म्हटली पाहिजे. फीतही साधी, एकरंगी जांभळी. आजवर हा मान केवळ २१ वीरांना मिळाला; त्यांतील १४ जणांना मरणोत्तर.

जिवंतपणी तो मिळवणाऱ्यांपैकी एक होते कारवारकडील रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. काश्मीरच्या युद्धात, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा ते राजौरी या वाटेवर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी टाकली होती. रणगाड्यांसाठी ती वाट मोकळी करायची होती. राणे जखमी झाले, तरी काम सोडून गेले नाहीत.

परंतु वाट काही एकट्याने मोकळी होत नाही. त्या युद्धात राबलेल्या हजारो जवानांना मोहिमेचे पदक मिळाले आणि त्याच्या फितीवर त्या प्रदेशाच्या नावाची धातूची पट्टी लागली. पराक्रमाबद्दल नव्हे, तर मोहिमेतील सेवेबद्दल मिळणारा हा दुसरा प्रकार. अशा पदकांना ‘हजेरीची पदके’ म्हणून नाक मुरडणारे लोक आढळतात. हजेरी खरीच, पण ती कोठली? सियाचीन हिमनदीवर सेवा करणाऱ्यांना वेगळे पदक आहे. तेथे नुसते श्वास घेत उभे राहणे हेही सोपे नाही. शौर्य एखाद्या क्षणी प्रकटते. ही फीत महिनोन्महिने सोसलेल्या थंडीची, जागरणाची आणि घरच्या आठवणींची असते. तिला कमी लेखण्याचा अधिकार ऊबदार घरात बसलेल्यांना कोणी दिला?

महाराष्ट्रातील कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धातील पदके जुन्या ट्रंकेत पडून आहेत. काही चांदीची म्हणून सोनाराकडे गेली व वितळली. तो व्यवहार तोट्याचाच झाला. कारण पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे.