मुलगी झाली, यात आईचा दोष कसला?

आपल्या वस्तीत दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली की दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीला आधी टोमणे ऐकावे लागतात. "हिच्या नशिबात मुलगाच नाही," असे सासू म्हणते, शेजारीण तिची री ओढते आणि नवरा खाली मान घालून बसतो. शिकलेल्या घरांतही हे चालते. हा अन्याय थांबलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. त्यासाठी मुलगा की मुलगी हे ठरते कसे, ते आधी समजून घेऊ.

माणसांत आईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. बापाच्या शुक्राणूंपैकी काहींत एक्स असते, काहींत वाय. एक्सवाला शुक्राणू बीजाला मिळाला तर मुलगी, वायवाला मिळाला तर मुलगा. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचे जनुक असते. लंडनच्या शास्त्रज्ञांनी ते १९९० साली शोधले. ते विजेच्या बटणासारखे आहे. गर्भात ते चालू झाले की वृषण तयार होतात, नाही तर बीजांडकोश. आईकडे हे बटण नसतेच. मग तिला बोल कशासाठी?

निसर्गाने हे बटण सगळ्या प्राण्यांना सारखे दिलेले नाही. दारातली कोंबडी पाहा. कोंबड्याचे शुक्राणू एकाच प्रकारचे असतात आणि कोंबडीची बीजे दोन प्रकारची. म्हणजे तिथे नर की मादी हे आईकडून ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांच्यात ते ना बापाकडून ठरते ना आईकडून. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर जास्त.

हे बटण बदलतही जाते. ऑस्ट्रेलियात बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा आहे. त्याची गुणसूत्रे कोंबडीसारखी चालतात. पण अंडी फार तापली की गुणसूत्रांनी नर असलेली पिलेही मादी होऊन बाहेर येतात. अशा माद्या रानात सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा नेहमीच्या नराशी संयोग झाल्यावर पिलांत मादीचे गुणसूत्र उरलेच नाही. त्यांचे नर की मादी हे केवळ उष्णतेवर ठरू लागले. एका पिढीत बटण बदलले! जपानच्या अमामी बेटावरील काटेरी उंदरांत तर वाय गुणसूत्रच नाहीसे झाले, एसआरवायही गेले. तरी त्यांच्यात नर जन्मतात, कारण ते काम दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्याने उचलले.

यातून आम्ही एकच गोष्ट घेतो. वरचे बटण बदलत राहते, पण नर आणि मादी दोघांची गरज कायम राहते. यात कोणाचे पुण्य नाही, पाप नाही आणि नशीबही नाही. माणसांत बापाच्या शुक्राणूवर ठरते म्हणून आता बापाला शिव्या द्यायच्या, असेही नाही. कोणता शुक्राणू आधी पोहोचेल हे त्याच्याही हातात नसते. प्रत्येक खेपेला शक्यता जवळपास निम्मी-निम्मी असते, मग आधी कितीही मुली झालेल्या असोत.

गर्भ राहतो त्याच क्षणी हे ठरून जाते. म्हणून मुलगा होण्यासाठी दिवस गेल्यावर बाबा-बुवांकडून घेतलेली पुडी काही बदलू शकत नाही. उलट पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. सोनोग्राफीत लिंग विचारणे आणि सांगणे, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आमचे नवऱ्यांना सांगणे आहे: ही माहिती तुमच्या आईला तुम्हीच सांगा, आणि बायकोसमोर सांगा. बाळंतिणीला त्या दिवसांत पोटभर जेवण, झोप आणि गोड शब्द हवे असतात. पेढे मुलीचेही तेवढ्याच आनंदाने वाटा.