सरकारी दवाखाना : दान की हक्क?

सन २०२३ च्या स्वातंत्र्यदिनापासून महाराष्ट्र सरकारने आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार नि:शुल्क केले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचे पैसे गेले, तपासण्यांचे गेले. या निर्णयाचे स्वागत जो करणार नाही तो गरिबांचा हितशत्रूच म्हटला पाहिजे. खिडकीपाशी उभे राहून पदराची गाठ सोडणाऱ्या आपल्या आयाबहिणींना त्या दहा-वीस रुपयांची किंमत ठाऊक आहे. परंतु वाचकहो, हा निर्णय कोणत्या दवाखान्याला लागू झाला आणि कोणत्या नाही, हे आपण नीट पाहिले आहे काय?

जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, मेडिकल कॉलेजचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे आणि शहरातले बहुधा महानगरपालिकेचे. सरकारचा निर्णय पहिल्यापुरता होता. रोगी मात्र एकच असतो. 'पुढे न्या' अशी चिठ्ठी घेऊन तो कॉलेजच्या दाराशी पोहोचला की खाते बदलते, नियम बदलतात. आजार तोच राहतो, किंबहुना वाटेत बळावतो.

त्या स्वातंत्र्यदिनाला दोन-तीन दिवस उरले असताना ठाणे महानगरपालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात चोवीस तासांत १८ रोगी दगावले. ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ जीव गेले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाला स्वत:हून दखल घ्यावी लागली. ही दोन्ही रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेबाहेरची! पुष्कळ रोगी अखेरच्या घटकेला आणले गेले, असा खुलासा झाला. तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण अखेरच्या घटकेपर्यंत ते रोगी कोठे होते? तालुक्याचे दवाखाने त्या वेळी काय करीत होते? खुलासा देणाऱ्यांनी स्वत:वरच आरोपपत्र लिहून दिले आहे.

नांदेडला पुढे जे घडले ते तर आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावे. हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना घाणेरडे शौचालय स्वत:च्या हातांनी साफ करावयास लावले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही नोंदविला गेला. कोणी म्हणेल, साहेबाने एक दिवस झाडू धरला तर काय बिघडले? आम्ही विचारतो, झाडू ही शिक्षा कशी झाली? ज्या देशात सफाई हे जातीच्या माथी मारलेले काम आहे, त्याच देशात ते दुसऱ्याला अपमानित करण्याचे साधन होऊ शकते. रुग्णालयात सफाई कामगारांच्या जागा किती, भरल्या किती, परिचारिका किती, हा प्रश्न खासदारांनी राज्यकर्त्यांना विचारावयाचा होता. तो विचारला असता तर छायाचित्र निघाले नसते, एवढेच.

औषध खरेदीचे काम २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होते. २०२३ मध्ये कायदा करून त्यासाठी वेगळे प्राधिकरण स्थापन झाले. खरेदीदार बदलला म्हणून वॉर्डातल्या कपाटात औषध येतेच असे नाही.

दुसरीकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचे ठरले. मोठ्या शस्त्रक्रियेला ती उपयोगी पडते, हे आम्ही नाकारीत नाही. पण साध्या तापाच्या गोळीला किंवा बाह्यरुग्ण विभागातल्या तपासणीला हे कार्ड चालत नाही; त्यासाठी गावाजवळ डॉक्टर बसलेलाच असावा लागतो. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना देह ठेवला. त्या माउलीने रोग्याला दवाखान्यात आणले होते, त्याच्या हाती कार्ड दिले नव्हते.

पश्चिम बंगालातील एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला. जागा नाही म्हणून सरकारी रुग्णालयांनी त्याला दारोदार फिरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैशाची टंचाई ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली. दान देणाऱ्याकडे कोणी भरपाई मागत नाही; ती हक्क बुडविणाऱ्याकडे मागितली जाते.

म्हणून सुधारणेचे मोजमाप कोनशिलेवरून करू नका. 'हे औषध येथे नाही, बाहेरून आणा' असे सांगितले गेले, तर ते तारखेसह लिहून मागा. 'पुढे न्या' म्हटले तर येथे का होत नाही, याचे कारण केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टरांशी वा परिचारिकेशी भांडू नका. एका खोलीत दोन खोल्यांचे काम ओढणारी ती माणसे आहेत, आणि लेखी नकार देण्यात त्यांचेही संरक्षण आहे. रुग्ण कल्याण समितीत आपल्या वस्तीतले कोणी आहे की नाही, याची चौकशी करा. अशा पाच-पन्नास चिठ्ठ्या जमल्या की त्या आपल्या आमदाराच्या हाती द्या आणि विधानसभेत त्यांवर प्रश्न विचारला जातो की नाही, ते पाहा.