मासेमारी बंद, तरी बाल्टिकमधला कॉड का सावरत नाहीये? गोम आहे अंड्याच्या तरंगण्यात

कच्चं अंडं साध्या पाण्यात टाकलं तर बुडतं. त्याच पाण्यात भरपूर मीठ विरघळवलं की वर येतं. शाळेतल्या या प्रयोगावर युरोपातल्या एका माशाचं भवितव्य टांगलेलं आहे.

हा मासा म्हणजे कॉड. हो, तोच, ज्याच्या लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल मेडिकलमध्ये मिळतात. पूर्व बाल्टिक समुद्रात 1984 साली जवळपास 4 लाख टन कॉड पकडला गेला होता. जुलै 2019 मध्ये युरोपियन कमिशनने तातडीने बंदी घातली. 2020 पासून युरोपियन युनियनच्या बोटींना मुद्दाम कॉड धरायला मनाई आहे. इतर माशांबरोबर जाळ्यात आला तरच चालतो, आणि 2021 पासून त्याचाही कोटा 600 टनांच्या आत आहे. तरी साठा वाढलेला नाही.

मग अडतंय कुठे?

कॉडची मादी अंडी थेट पाण्यात सोडते. त्याआधी अंड्यात पाणी भरून ते फुगतं. आतला द्रव समुद्रापेक्षा कमी खारट, म्हणून अंडं हलकं. अटलांटिकमध्ये एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, तिथे ही अंडी आरामात वरच्या थरात तरंगतात.

बाल्टिकमध्ये मात्र नद्यांचं गोडं पाणी इतकं येतं की वरच्या थरात मीठ जेमतेम 7-8 ग्रॅम. इथल्या कॉडची अंडी आकाराने मोठी आणि पातळ कवचाची झाली आहेत, पण त्यांनाही तरंगायला साधारण 14 ग्रॅम मीठ लागतं. एवढं खारं पाणी बोर्नहोम बेटाजवळच्या खोलगट भागात साधारण 60 ते 80 मीटरवर सापडतं. अंडी तिथेच अडकून राहतात.

आणि खरी गोची पुढे आहे. शेतातलं खत वाहून समुद्रात येतं, शेवाळ माजतं, मरून तळाशी जातं आणि कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकतं. म्हणजे वर मीठ नाही, खाली श्वास नाही. मधल्या पट्ट्यात अंड्याला दोन-तीन आठवडे काढायचे असतात. तिथेही स्प्रॅट आणि हेरिंग हे छोटे मासे ती अंडी खायला टपलेलेच.

हा पट्टा रुंद होतो तो उत्तर समुद्रातून डेन्मार्कच्या अरुंद खाड्यांमार्गे खाऱ्या, ताज्या पाण्याचा मोठा लोंढा आला की. पण तो वाऱ्यांच्या मर्जीवर. 1983 ते 1993 या दहा वर्षांत असा मोठा लोंढा आलाच नाही. डिसेंबर 2014 मध्ये जोरदार आला, पण त्याने आणलेला ऑक्सिजन फार काळ टिकला नाही.

यात आणखी एक पेच आहे आणि तो माणसाने तयार केलाय. मोठ्या, वयस्कर माद्यांची अंडी जास्त तरंगतात, म्हणजे ऑक्सिजन असलेल्या वरच्या भागात राहतात. लहान मादीची अंडी खाली जातात. जाळ्यांनी वर्षानुवर्षं आधी मोठेच मासे उचलले. 2025 मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या जर्मन संशोधनानुसार, 1996 ते 2019 दरम्यान हा मासा आकाराने जवळपास निम्मा झाला आणि हा बदल त्याच्या जनुकांतही दिसतो.

दर ऑक्टोबरमध्ये युरोपचे मत्स्यमंत्री बाल्टिकचा कोटा ठरवायला बसतात. त्यांच्या हातात जाळी आहेत, फार तर शेतातलं खत. वारा आणि मीठ नाही.